काजूची बाग आणि कॅमेऱ्याची फी

नमस्कार ताई,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. यंदा पीयूसी सेकंड इयर (बारावी) सायन्सची परीक्षा दिली. बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरीला दुसरा कॅमेरा गेली तीन वर्षं मीच धरते. मला सिनेमॅटोग्राफी शिकायची आहे. एका खासगी कॉलेजात तीन वर्षांची डिग्री आहे, प्रॉडक्शनही शिकवतात, फी वर्षाला चार लाख, हॉस्टेल वेगळं. बाबा काजूची बाग बँकेकडे ठेवायला तयार आहेत. आई म्हणते, "शिक की, खरं पहिला बेळगावात बी.एस्सी. कर, मग काय ते बघूया." काका म्हणतात, तेवढ्यात दोन चांगले कॅमेरे येतील, धंदा वाढेल. मी मराठी मीडियमची, कन्नड येतं, इंग्रजी बोलताना अडखळते. पुण्याच्या सरकारी संस्थेत आम्हा कर्नाटकातल्यांना घेतात का, हे कुणी नीट सांगत नाही. आणि सेटवर मुलींचं कसं होतं, हे आईनं विचारायला सांगितलंय. नाव छापू नका.

---

पोरी,

बाग गहाण टाकू नका. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण तुझे बाबा हे वाचत असतील तर हातातला चहा निवायच्या आत त्यांना कळलेलं बरं.

फी बारा लाख, त्यावर हॉस्टेल, जेवण, येणं-जाणं. हप्ता सुरू होणार नेमका तू पास होशील त्या सुमारास. आणि पास झाल्यावर काय होतं, हे कॉलेजच्या रंगीत माहितीपत्रकात नसतं. डिग्री घेऊन तू सेटवर गेलीस की कुणी तुला कॅमेरामन म्हणून उभं करत नाही. कॅमेऱ्याच्या डिपार्टमेंटमध्ये तू शेवटची असिस्टंट. लेन्स बदलायची, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, शॉटचा रिपोर्ट लिहायचा, छत्री धरायची. तुझ्या वर फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा, त्याच्या वर कॅमेरा चालवणारा ऑपरेटर, सगळ्यांच्या वर डीओपी, म्हणजे सिनेमॅटोग्राफर. एक काम संपलं की दुसरं कधी लागेल याचा भरवसा नाही. मुंबईत एका खोलीत चौघींनी राहायचं, आणि महिनाअखेरीला घरी फोन करताना आवाज नॉर्मल ठेवायचा. दोन वर्षं तरी असं जातं, कुणाची चार जातात.

घरच्या पैशाची खरी गरज तेव्हा लागते. ज्यांच्या घरून ती दोन वर्षं निभली ती पोरं टिकली. हुशार असूनही परत गेलेली मी कितीतरी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा पैसा आधीच फीत गेला होता. म्हणून बाबांना सांग, बाग राखा, यंदाच्या काजूचे पैसे बाजूला टाका, ते पाच वर्षांनी लागणार आहेत.

यात माझा अनुभव मिसळलेला आहे, तोही सांगते. मी बेळगावच्या शहापुरातली. वडिलांचे हातमाग होते, तीस वर्षांपूर्वी दोन मागांचे पैसे करून मी एका खासगी संस्थेत गेले. चाळीस विद्यार्थी आणि दोन कॅमेरे, त्यातला एक कायम रिपेअरीला. पहिल्या वर्षात मी कॅमेऱ्याला चार वेळा हात लावला, त्यातल्या एका वेळी फक्त पुसायला. शिकवणारे सर चांगले होते, पण ते महिन्यातून दोन दिवस यायचे. पुढे मी जे शिकले ते एका वयस्कर लाइटमनच्या मागे केबल गुंडाळत फिरताना. तेव्हा माझं मत कडवट वाटलं तर त्यातला चौथा हिस्सा वजा कर.

सगळी खासगी कॉलेजं तशीच असं मी म्हणत नाही. बघायला जायचंच असेल तर जा, बाबांना घेऊन जा. फक्त स्टुडिओच्या काचा आणि एसी बघून येऊ नकोस. ऑफिसमधल्या माणसाला विचार, एका विद्यार्थ्याला तीन वर्षांत स्वतः सिनेमॅटोग्राफर म्हणून किती शूट मिळतात? दुसऱ्याच्या शूटला ट्रॉली ढकललेली धरू नका म्हणावं. शिकवणाऱ्यांनी शेवटचा सिनेमा किंवा मालिका कधी शूट केली? गेल्या वर्षीच्या पोरांच्या डिप्लोमा फिल्म आत्ता, इथे बसून दाखवता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑफिसातून बाहेर पड, कँटीनमध्ये बस, तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोल. तिथे खरं कळतं. एवढं विचारूनही तुझं समाधान झालं तर मला परत लिही, आपण कर्जाचा हिशेब पुन्हा मांडू.

काकांचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. लग्नाच्या धंद्यासाठी कॅमेरा घ्यायचा तर घ्या, तो पैसे परत देतो. पण सिनेमा शिकायला म्हणून महागडा कॅमेरा घेऊ नका. मोठ्या सेटवर कॅमेरा बहुधा भाड्यानं येतो, लेन्सच्या पेट्या आणि त्या सांभाळणारे अटेंडंट बरोबर घेऊन. सिनेमॅटोग्राफर स्वतः येतो तो बऱ्याचदा लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, आणि डोकं घेऊन. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी कॅमेरा मिळेना म्हणून घरच्या घरी तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्याआधी ते नाटकाचे पडदे रंगवायचे. चित्रात उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते हे त्यांच्या हातात होतं, म्हणून कॅमेरा आल्यावर अडलं नाही.

आता उजेडावरच येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तू पत्रात कॅमेऱ्याबद्दल बारा वाक्यं लिहिलीस (छापताना आम्ही ती कापली) आणि उजेडाबद्दल एकही नाही. दोष तुझा नाही. लग्नाच्या शूटिंगला कॅमेऱ्याच्या डोक्यावर एलईडी असतो, तो समोरून सगळ्यांवर सारखा मारायचा. नवरी, भटजी, मागचा पंखा, सगळं एकसारखं लख्ख. गिऱ्हाईक खूश, पण डोळा आळशी होतो.

तुमच्या घराला कौलं असतील, आणि स्वयंपाकघरात एखादं काचेचं कौल असेलच. सकाळी चूल पेटवली की धुरात त्या कौलाचा कवडसा तिरका उतरतो. तो रोज बघ. आठवडाभर दर अर्ध्या तासानं वहीत लिही, कवडसा कुठे पडला, किती तीव्र, आईच्या चेहऱ्यावर त्याचं काय झालं. फोटो नंतर काढ. व्ही. के. मूर्ती म्हणून आपल्या म्हैसूरचे सिनेमॅटोग्राफर होते, २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९५९ च्या 'कागज के फूल'मध्ये त्यांनी स्टुडिओच्या अंधारात जो उजेडाचा झोत आणला तो दिव्याचा नव्हता. बाहेरचं ऊन आरशांवर घेऊन आत फेकलं होतं. तुमच्या घरात तेच काम कौल करतंय, फुकट.

मग दुसरा प्रयोग. आईला खिडकीशी तांदूळ निवडायला बसव. खिडकीकडची बाजू उजळ, दुसरी काळी दिसेल. काळ्या बाजूला पांढरं धोतर ताणून धर. सावली कशी मऊ पडते बघ. सत्यजित रायांचे सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्रांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभा केला तेव्हा वर पांढरं कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला होता, चौकात आभाळातून झिरपतो तसा. हे गृहस्थ कुठल्या फिल्म स्कूलला गेलेले नव्हते. आता धोतर काढ आणि त्याच जागी आजोबांचं काळं घोंगडं धर. गालाची ती बाजू आणखी खोल जाईल, चेहऱ्याला हाड येईल. सेटवर या काळ्या कापडाला निगेटिव्ह म्हणतात. उजेड टाकण्याइतकंच उजेड काढून घेणं हेही काम असतं, आणि ते पहिल्या वर्षी कुणाला पटत नाही.

बाबांकडे जुना हॅलोजन असेल. तो माणसापासून चार फुटांवर ठेव, मग आठ फुटांवर ने. उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तू सायन्सची आहेस, हा व्यस्त वर्गाचा नियम तू पाठ केला आहेस, पण पाठ केलेला नियम आणि गालावर दिसलेला नियम यात फरक आहे. ट्यूबच्या उजेडात व्हिडिओ घेताना बाबा शटर पन्नासावर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर, ठेव म्हणतात ना? का म्हणतात ते त्यांना विचार. आपल्या घरातली वीज पन्नास हर्ट्झची आहे, त्याच्याशी शटर जुळलं नाही की पडद्यावर पट्टे लपलपतात. त्यांना कारण माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा. मग पावसाळ्यात बघ, जूनचं आभाळ भरलं की सावल्याच नाहीशा होतात आणि लाल मातीचा रंग माणसांच्या हनुवटीखाली चढतो. हे पुण्या-मुंबईच्या पोराला फुकटात मिळत नाही.

तू 'प्रॉडक्शनही शिकवतात' असं लिहिलं आहेस, ते काय असतं याची तुला कल्पना नसेल असं वाटतं. बेळगावातली वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तू पाहिली असशीलच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अफजलखानाचा शामियाना उभा करायचा, नट म्हणून गल्लीतलीच पोरं, मागच्या गाडीवर जनरेटर. वर्गणी कुणी गोळा केली, पोलिसांची परवानगी कुणी काढली, तलवारी कुठून आणल्या, डिझेल संपलं तर काय, पहाटे तीनला महाराजांची भूमिका करणाऱ्याला भूक लागली तर वडापाव कुठून आणायचा. हे सगळं ज्याच्या डोक्यात एकाच वेळी असतं तो मंडळाचा कार्यकर्ता म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर. सिनेमात याच कामाला बजेट, शेड्यूल आणि कॉलशीट (कुणी किती वाजता कुठे यायचं याचा कागद) म्हणतात. पुढच्या वर्षी एखाद्या मंडळाला सांग, तुमच्या चित्ररथाची लाइट मी बघते. हसतील, बघू देतील. किती दिव्यांना किती वॅटचा जनरेटर लागतो, रस्ता उतरणीला लागला की कोणता स्टँड आधी पडतो, हे तू त्या एका रात्रीत शिकशील.

आता प्रवेशाचं. पुण्याची एफटीआयआय, म्हणजे तू विचारलेली सरकारी फिल्म संस्था, केंद्र सरकारच्या माहिती आणि प्रसारण खात्याची आहे, प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतो. तिथे कर्नाटकातली, महाराष्ट्रातली असा प्रश्नच येत नाही. सीमाभागातल्या पोरांना महाराष्ट्राच्या काही कोर्सना ज्या राखीव जागा असतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. कलकत्त्याची सत्यजित राय संस्थाही अशीच, केंद्राची. ही पुण्याची संस्था १९६० मध्ये सुरू झाली ती प्रभात स्टुडिओच्या आवारात, आणि प्रभात मुळात निघाली १९२९ साली कोल्हापुरात, पुण्याला गेली १९३३ साली. तेव्हा तू काही अगदीच परक्या घरी चाललेली नाहीस.

पण तिथला सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा कोर्स पदवीनंतरचा आहे. पदवी कुठल्याही विषयाची चालते. म्हणजे आईचं "पहिला बी.एस्सी. कर" हे म्हणणं, तिला कारण माहीत नसताना, बरोबर निघालं. तिला हे मोठ्यानं वाचून दाखव. बेळगावात राहून, घरचा डबा खाऊन ही तीन वर्षं निघतात. फिजिक्स घे, प्रकाशशास्त्राचा पेपर मन लावून कर. जागा मोजक्या असतात, एका विषयाला डझनभराच्या आसपास, आणि देशभरातली पोरं बसतात. पहिल्या वेळी नाही जमलं तर रडून घे आणि पुन्हा बस. एक कागदाचं काम आत्ताच करून ठेव. जातीचं सर्टिफिकेट लागणार असेल तर ते केंद्राच्या नमुन्यात लागतं, आणि राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. तहसीलदार कचेरीत त्या नमुन्याचा कागद मागायला गेलीस की तीन फेऱ्या ठरलेल्या, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

थांबायचंच नसेल तर आणखी एक दार आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलतात. बेंगळूरजवळ हेसरघट्ट्याला कर्नाटक सरकारची फिल्म आणि टेलिव्हिजन संस्था आहे. तिचं मूळ शहरातल्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये. मूर्तींनी डिप्लोमा केला तो त्याच पॉलिटेक्निकचा, चाळीसच्या दशकात. पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेले गोविंद निहलानीही तिथूनच १९६२ साली शिकून बाहेर पडले, आणि लगेच डीओपी झाले नाहीत, मूर्तींचे असिस्टंट झाले. हेसरघट्ट्याला डिप्लोमा आहे, फी सरकारी. यंदाची जाहिरात निघाली की अटी नीट वाचून अर्ज टाक. मिळालं तर माझं मत आहे की जा. आईला बेंगळूर लांब वाटेल, पण रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पोचतो. बाग तर राहील.

भाषेचं काय घेऊन बसलीस? तू घरी मराठी बोलतेस, बाजारात कन्नड, टीव्हीवरून हिंदी. मुंबईच्या सेटवर लाइटमन मराठी किंवा भोजपुरी, दक्षिणेतून आलेली कॅमेरा टीम तमिळ-कन्नड, डायरेक्टर इंग्रजीत विचार करणारा. मधे उभं राहून सगळ्यांचं सगळ्यांना समजावणारी पोर डीओपी सोडत नाहीत. माझी पहिली तीन कामं कन्नड येतं म्हणून मिळाली, कॅमेरा येतो म्हणून नाही. इंग्रजी वाचता येऊ दे, मशीनच्या मॅन्युअलपुरतं. बोलणं आपोआप सुटतं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर गोड करून देणार नाही. डिपार्टमेंटमध्ये अजून पुरुषच जास्त. सुरुवातीला वजन उचलायला तुला लावणार नाहीत, दया म्हणून, आणि ती दया महाग पडते, कारण जी उचलत नाही ती शिकत नाही. तू उचल. आउटडोअरला बाथरूम कुठे आहे हे पहिल्या दिवशीच प्रॉडक्शनला विचारायचं, लाजायचं नाही. कॉलेज असो की प्रॉडक्शन कंपनी, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तिच्यावर कोण आहे ते काम घेतानाच विचारून ठेव, नाव फोनमध्ये सेव्ह कर. रात्री सुटल्यावर गाडी कोण देणार हे ठरल्याशिवाय नाइट शिफ्टला हो म्हणू नकोस. बी. आर. विजयालक्ष्मी तमिळ सिनेमात ऐंशीच्या दशकात स्वतंत्र सिनेमॅटोग्राफर म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा विचारायला मागे कुणीच नव्हतं. तुला निदान विचारायला माणसं आहेत. आईला म्हणावं, चिंता करा, फोनही करा, पण शॉट चालू असताना करू नका, आवाज रेकॉर्ड होतो.

बरं, नोव्हेंबरात गोव्याला जा. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि विद्यार्थ्यांची नोंदणी वेगळी असते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, म्हणजे तुमच्याच तालुक्यातून रस्ता. दिवसाला चार सिनेमे बघ, कुठल्या का भाषेतले असेनात. सबटायटल वाचण्यात डोळा अडकला तर तोच सिनेमा आवाज नाही असं समजून बघ, उजेड कुठून आला एवढंच शोध. बाबांनाही ने. त्यांनी आयुष्यभर कॅमेरा धरला आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर परदेशी सिनेमा बहुधा कधी पाहिला नसेल.

तोवर स्वयंपाकघरातले दहा फोटो पाठव. आई, कवडसा, धोतर आणि घोंगडं. एडिट करून नकोत, जसे निघाले तसे. आणि तो जुना हॅलोजन माळ्यावरून काढताना वायर आधी तपास, उंदरांनी कुरतडली असेल.